पन्नास रुपयांचा वाघ

९ एप्रिल २०२३ रोजी म्हैसूरला वाघाचं नाणं निघालं. व्याघ्र प्रकल्पाला ५० वर्षं झाली, म्हणून नाणं ५० रुपयांचं. पंतप्रधानांनी ते प्रकाशित केलं आणि देशात किमान ३,१६७ वाघ आहेत हेही त्याच मांडवात जाहीर झालं. नाणं म्हैसूरला, आकडा म्हैसूरला, टाळ्या म्हैसूरला. वाघ मात्र त्या सकाळी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात आपापल्या कामावर हजर होते. एप्रिल म्हणजे मोहफुलांचा महिना. पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जाणाऱ्या बाया आधी खाकरतात, एकमेकींना हाका मारतात आणि मगच खाली वाकतात. झुडपात कोणी बसलेलं असलंच तर त्याला उठून जायला अवधी मिळावा, एवढाच हेतू. दर वर्षी काही ठिकाणी तो अवधी पुरत नाही, आणि त्या बायांची नावं कुठल्याही नाण्यावर येत नाहीत.

अशा मुलखात वाघाचं नाणं आलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘कोन्ता हाय?’

बाहेरून आलेल्या माणसाला वाघ हा नुसता वाघ असतो. ताडोब्यात असं ढोबळ बोलून चालत नाही. माया, मटकासुर, वाघडोह, छोटा मटका अशी त्यांची नावं. कोण कोणाचा पोरगा, कोणी कोणाचा इलाका बळकावला, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळं मोहर्लीच्या गेटवरच्या जिप्सीवाल्यांना तोंडपाठ. वाघडोह २०२२ च्या मे महिन्यात म्हातारा होऊन गेला तेव्हा लोक जितके हळहळले, तितके आमच्याकडे माजी आमदार गेल्यावरही हळहळत नाहीत. त्यामुळे वाघाच्या नाण्याचा फोटो मोबाइलवर फिरत आला, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका जिप्सीवाल्याने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून पाहिला आणि निकाल दिला, ‘आपल्याइकडचा नोय जी हा. पट्टेच जुळून नाही रायले.’

फोटो दाखवणारे आमचे गुरुजी. निवृत्त शिक्षक आणि नाण्यांचे नादी. त्यांच्याकडे कापडी बांधणीचे जाडजूड अल्बम आहेत आणि प्रत्येक नाण्याला प्लास्टिकचा स्वतंत्र कप्पा आहे. घरात त्यांच्या चष्म्याला अशी ठरलेली जागा नाही. ते म्हणाले, ‘अरे, वाघ कोणता हे महत्त्वाचं नाही. पाठीमागे पाहा, पाठीमागे.’

पाठीमागे सिंह होते. आपल्या प्रत्येक नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असतेच. तो कायदा आहे. म्हणजे वाघाच्या सुवर्णमहोत्सवी नाण्यावरही एका बाजूला वाघ एकटा आणि दुसऱ्या बाजूला सिंह चार, त्यातले तीन दिसतात. सत्तरच्या दशकापर्यंत राष्ट्रीय प्राणी सिंहच होता. मग ते पद वाघाकडे गेलं. पण सिंहाने नाण्यावरची जागा सोडली नाही. सत्तेतून गेलेल्या माणसाकडे सरकारी बंगला राहतो, त्यातला हा प्रकार. चंद्रपूरकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. आमच्या गोंडराजांच्या किल्ल्याला जटपुरा, पठाणपुरा अशा वेशी आहेत आणि त्यांच्या दगडावर गोंडांचं राजचिन्ह कोरलेलं आहे. हत्तीला नमवणारा सिंह. ज्या जंगलात सिंह नव्हता तिथल्या राजाने सिंह घेतला, आणि जो रोज कुंपणापर्यंत येत होता त्या वाघाला बाहेर ठेवलं. राजेलोक शेजाऱ्यांना भाव देत नाहीत.

वाघाला नाण्यावर बसवायची खटपट मात्र जुनी आहे. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी बोधचिन्ह शोधताना ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेवरचा सिंह आणि ताडाचं झाड साहेबांना आवडलं. पण सिंह पुरेसा हिंदुस्थानी वाटेना, म्हणून त्या जागी वाघ आला. चित्रं तयार झाली. ती पाहून डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर अस्वस्थ झाले, कारण वाघ कुत्र्यासारखा दिसत होता. झाडाखाली कुत्रा अशी बँकेची निशाणी लोकांनी पाहिली तर ते हसतील, ही त्यांची चिंता होती, आणि हसणाऱ्यांचा स्वभाव त्यांनी बरोबर ओळखला होता. अखेर कलकत्त्याच्या बेल्व्हेडियरच्या फाटकावरच्या वाघाच्या पुतळ्याचा आधार घ्यावा लागला. हिंदुस्थानभर खरे वाघ हिंडत होते, त्या काळात बँकेने दगडी वाघाला मॉडेल म्हणून बसवलं. दगडी वाघ निदान बसून राहतो, एवढा त्याचा फायदा.

पुढे तोच वाघ ताडासह १९८५ साली बँकेच्या सुवर्णमहोत्सवी ५० पैशांवर आला, २०१० साली अमृतमहोत्सवी नाण्यांवर आला. त्याच्या आधी, १९४७ च्या रुपयावर, एका बाजूला सहावे जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ होता. तो रुपया निकेलचा. १९४० पूर्वीचा रुपया साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त वजनाचा असे आणि त्यात ९१.७ टक्के चांदी असे. आमच्याकडच्या जुन्या गोंड-माडिया बायांच्या गळ्यात त्या रुपयांच्या माळा असत. व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज ही सगळी राजघराण्यातली मंडळी एका दोऱ्यात ओवलेली. १९४७ च्या रुपयावर वाघ आला, पण चांदी गेली. तो रुपया कोणी माळेत घातला नाही. वाघ घराबाहेर फुकट दिसत होता, हवी होती ती चांदी.

गुरुजींच्या मते भारताचं स्मारक नाण्यांचं खातं सुरू झालं १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. तेव्हापासून नाण्यावर यायची रांग लागली. १९६९ साली गांधीजी, १९९० साली रुपयावर बाबासाहेब, १९९९ साली रुपयावर ज्ञानेश्वर आणि दोन रुपयांवर शिवाजी महाराज, २००३ साली रेल्वेची १५० वर्षं आणि तिच्यासोबत कंदील घेतलेला भोलू हत्ती. गडचिरोलीकरांनी तो हत्ती कौतुकाने पाहिला, कारण जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडशाचं स्टेशन. छत्तीसगडहून खरे हत्ती पुढे चालत जिल्ह्यात आले, रेल्वेची वाट न पाहता.

पण गुरुजींचा जीव अडकलाय तो थोरामोठ्यांच्या नाण्यांत नाही, चिल्लरीत. अन्न आणि कृषी संघटनेच्या नावाने १९७० पासून आपल्याकडे बहुतेक दर वर्षी एखादं घोषवाक्य नाण्यावर यायचं. गुरुजी अल्बमची पानं उलटत जातात आणि देशाचं प्रगतिपुस्तक वाचून दाखवतात. १९७० : सर्वांसाठी अन्न. १९७३ : अधिक अन्न पिकवा. अन्न काही पुरेना, तेव्हा १९७४ साली खाणारी तोंडं कमी करायचं ठरलं : नियोजित परिवार. १९७६ : अन्न आणि काम. १९७७ : विकासासाठी बचत, आणि हा उपदेश पाच पैशांच्या नाण्यावर. ॲल्युमिनियमचं ते नाणं पंख्याच्या वाऱ्याने सरकायचं. ते वाचवायचं म्हणजे आधी धरून ठेवायचं. १९७८ : अन्न आणि आवास. १९७९ : सुखी बालक. १९८० : ग्रामीण महिलांची प्रगती. सरकारला एकेक गोष्ट आठवत गेली आणि ती सगळ्यात हलक्या नाण्यावर लिहून जनतेच्या खिशात टाकली गेली. आमच्या पिढीने हा सारा राष्ट्रीय कार्यक्रम गोळ्या-बिस्किटांच्या बदल्यात दुकानदाराच्या हवाली केला.

याच माळेतलं १९८५ चं २५ पैशांचं नाणं आमच्या जिल्ह्यांसाठी खास आहे. त्याचा विषय ‘विकासासाठी वानिकी’. हे दोन शब्द एका नाण्यावर सुखाने बसले, जमिनीवर त्यांचं कधी इतकं जमलं नाही. वनविकास महामंडळ १९७४ पासून आहे. आधी जंगल तोडायचं, मग त्या जागी साग लावायचा आणि मग त्याला जंगल म्हणायचं, ही विकासाची रीत आमच्या डोळ्यांदेखत चालली. पावलीवर एवढा तपशील मावत नाही, हे खरं.

पण या पावलीचा शेवट मोठा नाट्यमय झाला. २०११ च्या जून महिनाअखेर २५ पैशांचं नाणं चलनातून बाद झालं. त्याच्या दोनच महिने आधी, २७ एप्रिल २०११ ला, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला गेला. म्हणजे ज्या वर्षी सरकारने ‘वानिकी’ची पावली लोकांकडून परत घेतली, त्याच वर्षी मेंढ्यात वानिकीच लोकांना परत द्यावी लागली. गुरुजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि तो हसेपर्यंत पुढचं पान उलटत नाहीत.

अलीकडच्या स्मारक नाण्यांना त्यांनी वेगळा अल्बम केला आहे, आणि तो वाचायचा तर गणित पक्कं हवं. विषय आणि रक्कम यांची सरळ सांगड असते. ६० वर्षं झाली की ६० रुपये, ७५ झाली की ७५. बाबासाहेबांची १२५ वी जयंती म्हणून १२५ रुपये. रूडकीच्या आयआयटीला १७५ वर्षं झाली, नाणं १७५ रुपयांचं. गुरू तेग बहादूर ४०० रुपये, गुरू नानक ५५० रुपये, तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १,००० रुपये. पुढे जाता येत नाही, कारण २०११ च्या नाणे कायद्याने हजाराच्या वरचं नाणं काढायला मनाई आहे. थोरवी वयावर मोजायची ही पद्धत मला पटते. निदान ती मोजता येते. मात्र आमचं मार्कंड्याचं मंदिर वैनगंगेच्या काठी हजार वर्षांच्या आसपास उभं आहे. त्याने आता वेळेत अर्ज करावा, नाहीतर कायद्याची मर्यादा ओलांडून बसेल.

ही नाणी दिसायला देखणी असतात. ४४ मिलिमीटर व्यास, काठावर २०० खाचा, बहुतेकांचं वजन ३५ ग्रॅम. बरीच वर्षं नेहमीचा धातू असा होता : निम्मी चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. मखमली खोबणीच्या डबीत येतात, सोबत माहितीपत्रक येतं. टांकसाळीकडे नाव नोंदवून मागवावी लागतात आणि नाण्यावर लिहिलेल्या रकमेच्या कितीतरी पट मोजावे लागतात. ७५ रुपये घ्यायला काही हजार रुपये देणारा माणूस जगात दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात वेडा ठरला असता. इथे त्याला संग्राहक म्हणतात. आणि ५० रुपयांच्या वाघाबद्दल म्हणाल तर ताडोब्याच्या गेटवर ५० रुपयांत वाघाचं शेपूटसुद्धा दिसत नाही. जिप्सीच्या पायदानावर पाय ठेवायलाही ते पुरायचे नाहीत.

गुरुजींच्या नातवाने एकदा सरळ प्रश्न केला, ‘आजोबा, हे खरे पैसे आहेत का?’ आहेत. मग चालतात का? नाही. गुरुजींना हे पटवून देताना घाम फुटला. मग मीच त्याला म्हटलं, अहेरीच्या बसमध्ये बसल्यावर कंडक्टरला ७५ रुपयांचं नाणं देऊन बघ. कंडक्टर आधी नाण्याकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल आणि शेवटी त्याला जे सुचतं तेच म्हणेल, ‘सुट्टे द्या.’

मखमली नाण्यांचं एक बरं असतं, ती बाजारात येतच नाहीत. खरे हाल होतात ते बाजारात आलेल्या स्मारक नाण्यांचे, म्हणजे दहाच्या नाण्याचे. आमच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर मी एकदा दहाचं नाणं पुढे केलं. ठेल्यावर गिऱ्हाइकासाठी खर्रा घोटणं चालू होतं. ठेलेवाल्याने हात न थांबवता नुसती नजर टाकली.

‘हे नाही चालत जी.’

‘का बरं?’

‘पुढं कोनी घेत नाही.’

‘पुढं म्हणजे कोण?’

‘तुमीच. मी तुमाले वापस देलं त तुमी घ्यान काय?’

यावर उत्तर नव्हतं. रिझर्व्ह बँकेलाही ते सापडायला वेळ लागला. नाण्यावर १० रेघा असल्या तर खरं, १५ असल्या तर खोटं; रुपयाचं चिन्ह असलं तर खरं, नसलं तर खोटं, असे नियम लोकांनी स्वतःच तयार करून टाकले होते. चिन्ह नाण्यांवर आलं २०११ पासून, त्यामुळे त्याआधीची सगळी नाणी एका रात्रीत आरोपी झाली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये बँकेने जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे १४ प्रकार काढले आहेत आणि चौदाही खरे आहेत. शंका असल्यास १४४४० वर फोन करा. इकडे त्याचा अर्थ असा लागला : चौदा प्रकार काढलेत म्हणे, खरं असतं तर एकच काढलं नसतं का?

यातली गंमत अशी की चौदातले बरेचसे प्रकार स्मरणासाठी काढले होते. होमी भाभा, वैष्णोदेवी, गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेहून परत येणं, योगदिन. एक तर काथ्या मंडळाला ६० वर्षं झाली म्हणून काढलेलं. बांबूच्या जिल्ह्यात नारळाच्या काथ्याचं नाणं. ज्या बाजारात बुरडाच्या टोपलीवाचून एक पायली धान हलत नाही, तिथल्या बाईच्या हातात ते पडलं तर तिने काय आठवायचं? ओळखीचं चित्र नाही, म्हणून नाणं खोटं. एखादी गोष्ट लोकांनी कायम लक्षात ठेवावी म्हणून चित्र बदललं, आणि चित्र बदललं म्हणून लोकांनी ती हातात धरायचंच सोडलं.

याला एक अपवाद मी पाहिला आहे. ६ डिसेंबर २०१५ ला बाबासाहेबांचं १२५ रुपयांचं नाणं निघालं, सोबत दहाचंही निघालं. आमच्या चंद्रपुरात बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ ला आले होते, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, आणि इथेही दीक्षा दिली होती. दर ऑक्टोबरात इथल्या दीक्षाभूमीवर माणूस मावत नाही. ते दहाचं नाणं कोणी नाकारत नाही. फक्त हाती आलं की पुढे देत नाही. काही घरांत ते तसबिरीपाशी ठेवलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने निकाल दोन्हीकडे सारखाच, नाणं फिरत नाही. पण एक नाणं नको म्हणून थांबतं आणि एक हवं म्हणून थांबतं.

नाण्यावर येण्याच्या बाबतीत आमच्या दोन जिल्ह्यांचं नशीब चमत्कारिक आहे. गडचिरोली जिल्हा जन्मला २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूरमधून वेगळा होऊन. त्या वर्षी टांकसाळ एशियाडची नाणी पाडण्यात गुंग होती. मात्र त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेचं दोन रुपयांचं नाणं निघालं, त्यावर देशाचा नकाशा होता. पुढे अकरा कोनांच्या दोन रुपयांवर तो नकाशा वर्षानुवर्षं राहिला. म्हणजे गडचिरोली देशातल्या प्रत्येकाच्या खिशात होती, फक्त भिंगाखालीही दिसत नव्हती. हे म्हणजे आमचं नेहमीचंच. आम्ही नाण्यावर नसतो, नाण्यात असतो.

२०२३ चाच उन्हाळा घ्या. मार्चच्या अखेरीला बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान वाजतगाजत निघालं. एप्रिलमध्ये वाघाचं नाणं. २८ मे रोजी नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं. त्या भवनात कुठलं काय लागलं याच्या याद्या वर्तमानपत्रांत आल्या, त्यात सागवान ‘नागपूरचं’ होतं. नागपूरची संत्री वरुड-काटोलकडे पिकतात, नागपूरचं सागवान आमच्याकडे वाढतं. नागपूरला फक्त दोन्हींची नावं वाढतात. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत कोणालाही विचारा, संसदेच्या नाण्यात आमचं लाकूड आहे हे तो छातीवर हात ठेवून सांगेल. नाण्यावर दिसत नाही म्हणाल तर तो म्हणेल, दार आतल्या बाजूने बघा. विजेचंही तेच. २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आमच्या उशाशी धूर सोडतं आणि वीज राज्यभर जाते. आता सुरजागडचं लोखंड निघू लागलंय. आपली हल्लीची साधी नाणी स्टीलची असतात, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. उद्या एखाद्या रुपयात सुरजागडचा डोंगर वितळलेला असला, तरी त्यावर चित्र दुसऱ्याच कशाचं तरी असेल.

हवामान खात्याला १५० वर्षं झाली, त्याचं नाणंही दिल्लीला निघालं, जानेवारी २०२५ मध्ये, थंडीत. ज्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीने मे महिन्यात ४७ अंशांच्या पुढे जाऊन त्या खात्याला वारंवार बातम्यांत ठेवलं, त्यांना निदान पत्रिका तरी यायला हवी होती. अर्थात मेमध्ये आमच्याकडे समारंभ ठेवला असता तर नाणं पंतप्रधानांना चिमट्याने धरावं लागलं असतं.

टपाल खातं आमच्या बाबतीत टांकसाळीहून बरं निघालं. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी गेलेले वीर बाबुराव शेडमाके यांचं तिकीट २००७ साली निघालं. हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांचं तिकीट तर १९९५ सालीच निघालं होतं, पण ते मोनाकोने काढलं. जुगाराच्या अड्ड्यांसाठी प्रसिद्ध असलेला, दोन चौरस किलोमीटरचा देश. भामरागडच्या जंगलातली माणसं त्याला दिसली. दिल्लीहून हेमलकसा दिसायला मध्ये झाडं फार येत असावीत.

तेव्हा गुरुजींनी मनावर घेतलं. गडचिरोली जिल्ह्याला २०३२ साली ५० वर्षं होतात, म्हणजे ५० रुपयांचं नाणं हक्काचं. त्यांनी राजपत्राच्या भाषेत मसुदाच तयार केला. स्मारक नाण्यांच्या अधिसूचना त्यांनी इतक्या वाचल्यात की घरी भाजीची यादीसुद्धा ते कलमवार करतात. मसुदा असा :

‘नाण्याच्या दर्शनी बाजूस मध्यभागी अशोकस्तंभाची सिंहमुद्रा, खाली सत्यमेव जयते, डावीकडे भारत हा शब्द देवनागरीत. मागील बाजूस मध्यभागी पर्लकोटा नदीवरील पूल राहील. पावसाळ्यात सदर पूल पाण्याखाली जात असल्याने जुलै ते सप्टेंबर या काळात नाण्याचा हा भाग कोरा दिसल्यास तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. पुलाच्या डाव्या बाजूस मोहाचे झाड, उजव्या बाजूस सागाचा ओंडका. ओंडक्यावर क्रमांक टाकलेला असेल. वरच्या काठालगत तेंदूपानांचा पुडा, पाने अचूक ७०. वाघ दाखविण्यात येऊ नये. त्याचे निघाले आहे.’

मसुद्यावर चर्चा पानठेल्यावर झाली, कारण आमच्याकडे सगळ्या समित्यांची कार्यालयं तिथेच असतात. एक जण म्हणाला, शेडमाके हवेत. जन्म १८३३ चा, २०३३ ला २०० रुपयांचं होईल, वर्षभर थांबा. दुसऱ्याला राणी हिराई हवी होती. शहाजहानने बायकोसाठी ताजमहाल बांधला याचं जगाला कौतुक. आमच्या हिराईने नवऱ्यासाठी समाधी बांधली, ती चंद्रपुरात असूनही चंद्रपूरकर पाहत नाहीत. वडशाहून आलेला एक नाटकवाला झाडीपट्टीसाठी अडून बसला. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, मग रंगभूमीला नाणं का नाही? त्याला विचारलं, चित्र काय? तो म्हणाला, मंडप, पडदा आणि पहाटे चार वाजताही जागं असलेलं पब्लिक. गुरुजींनी विचारलं, एवढं पब्लिक ४४ मिलिमीटरमध्ये कसं बसवायचं? तो म्हणाला, आम्ही एका मंडपात बसवतो की नाही! सिरोंचाच्या बाजूने आलेल्या माणसाने वडधमच्या डायनासोरच्या हाडांचं नाव काढलं. त्यावर कोणीतरी हिशेब लावला, वयाप्रमाणे रक्कम धरली तर नाणं काही कोटी रुपयांचं होईल आणि कायद्यात बसणार नाही.

मी आपला दारूबंदीचा विषय मांडला. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली, २०२१ साली उठली. एवढा दोन बाजूंचा विषय टांकसाळीला शोधून सापडायचा नाही : छाप्यावर बंद, काट्यावर चालू. शिवाय बंदीच्या सहा वर्षांत छाप्यांना तर काही कमी नव्हती. गडचिरोलीच्या माणसाने लगेच हरकत घेतली. त्यांच्याकडे १९९३ पासून बंदी आहे. त्यांच्या नाण्याला दोन बाजू असल्याचं सरकार मान्य करणार नाही.

वाद चढत गेला. शेडमाकेवाल्यांनी हिराईवाल्यांना विचारलं की राणीचं नक्की चित्र कुठे आहे. हिराईवाल्यांनी शेडमाकेवाल्यांना तेच विचारलं. नाटकवाला म्हणाला, दोघांचीही चित्रं नसली तरी दोघांच्या भूमिका करायला माणसं आमच्याकडे तयार आहेत, मेकअपसकट. गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मसुद्यात तिसऱ्यांदा खाडाखोड केली आणि इतका वेळ काही न बोललेल्या ठेलेवाल्याकडे वळले. ‘तुमचं मत सांगा जी. नाण्यावर काय हवं?’

ठेलेवाल्याने खर्ऱ्याची पुडी बांधली, दोऱ्याची गाठ मारली, गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि म्हणाला, ‘काई बी काढा जी गुरुजी. फक्त दहाचं नका काढू.’